आठ महिन्यांची गिरकी

आगरवाड्याच्या सगुणने एक वाफा उसना दिला,
डिसेंबरातला, अजून खारं पाणी न सोडलेला.
"तिनसांजेमेरेन," तो म्हणाला,
"आनी बांद मोडूंक जायना."
पोरांनी चपला बांधावर काढल्या.
मधोमध उपडा पत्र्याचा डबा, तो सूर्य.
त्याच्यावर मी डावाने ठोका देणार:
एक ठोका, एक महिना.

बुध गौरांगला केलं, त्याला उभं राहवत नाही म्हणून.
तीन ठोक्यांत त्याची फेरी पुरी,
धापा टाकत विचारतो,
बाई, आता मी किती वर्षांचा?
पृथ्वी वर्गाची मॉनिटर. बारा ठोके,
एक पाऊल इकडे नाही की तिकडे.
मंगळ तेविसाव्याला कसाबसा पोचला,
पायात काटा म्हणे.

गुरू झाला शेर्विन, अंगाने दांडगा.
त्याला सांगितलं, तुझा दिवस दहा तासांचाही नाही,
महिन्याला सत्तरच्या वर गिरक्या होतात तुझ्या,
त्या मनातल्या मनात घे,
दुपारी माशाची कडी जेवून आलायस.
आणि वर्ष मात्र बारा वर्षांचं.
तो थोडा विचारात पडला.

शनीला साडेएकोणतीस.
म्हटलं, पोर्तुगीज गेले तेव्हापासून
याच्या फेऱ्या झाल्या दोन, तिसरी चालू आहे.
युरेनसची तर एकही नाही.
सगुण बांधावर बिडी ओढत होता, म्हणाला,
"बाये, आमचें वरीस उदक सोडलें की सुरू,
मीठ काडलें की सोंपलें.
मदलो पावस कोणाचोच न्हय."

नेपच्यूनला पार तिवरांपाशी उभं केलं, उपेंद्रला.
एकशे पासष्ट वर्षं.
अख्ख्या संध्याकाळीत वाट्याला जेमतेम दोन पावलं.

शुक्र स्वानंदीने मागून घेतला.
सगळे एका दिशेने फिरतात, हा उलटा,
आणि फार सावकाश.
सुरुवातीला तोंड समुद्राकडे केलं तिने,
मग पाय घासत घासत वळत राहिली,
घड्याळाचा तासकाटा वळावा तशी.
साडेसात ठोक्यांआतच तिची सूर्याभोवतीची फेरी संपली.
पोरं ओरडली, शुक्राचं वर्ष झालं!
ती तशीच उभी, तिरकी,
मोरजीच्या माडांकडे तोंड करून.
"बाई, वर्ष झालं, पण माझी गिरकी व्हायचीय."

खरंच होतं. दोनशे पंचवीस दिवसांचं वर्ष
आणि दोनशे त्रेचाळीस दिवसांची गिरकी.
अठरा दिवस उरत होते.
बाकीचे कोकम सरबताच्या कळशीकडे पळाले,
मी डाव हातात धरून.
अर्ध्याहून थोडा जास्त ठोका
कसा द्यायचा असतो, मला कुठे ठाऊक.
डाव नुसता टेकवला पत्र्यावर. कण्ण.
ती उरलेलं वळली.

मग बोटांवर मोजू लागली, माझ्याकडे न बघता:
मे एकतीस, जून तीस, जुलै, ऑगस्ट दोन्ही एकतीस...
तिचे पप्पा क्रूझवर लाँड्रीत आहेत,
एक मेला गेले.
चादरी पांढऱ्या, म्हणतात, मिठागरासारख्या,
फक्त गरम.
"बाई, तीस तारखेला दोनशे त्रेचाळीस होतात."
मी म्हटलं, कॉन्ट्रॅक्ट वाढवतात कधीकधी.
म्हणायला नको होतं.
"शुक्राचं नाही वाढवत," ती म्हणाली,
आणि तिथे सूर्य पश्चिमेला उगवतो ना,
म्हणजे आपल्याकडे असता
तर समुद्रातून वर आला असता?
हो, म्हटलं. समुद्रातून.

डबा उचलला, चपलांच्या जोड्या लावल्या,
मुलं मोजली. एक कमी.
अंधारात तिवरांपाशी उपेंद्र अजून उभा,
दोन पावलांच्या पुढे न गेलेला.
"बाई, खंड्याने तीनदा मासा धरला," म्हणाला,
"तुम्ही कोणीच बघितलं नाही."

दुसऱ्या दिवशी सगुणने मानस उघडली.
वर्तुळं आधी काळी पडली, मग दिसेनाशी झाली.
शुक्राच्या जागी टाचेने कोरलेला एक खळगा होता,
तो सगळ्यात शेवटी भरला.